बाबासाहेबांची इंग्रजी आणि पालघरच्या पोरांची परदेशवारी

१४ एप्रिल आली की बोईसर, पालघर, तारापूरच्या वस्त्यांमध्ये निळे झेंडे लागतात, मिरवणुका निघतात, रात्री भाषणे होतात. भाषणात वक्ता बाबासाहेबांच्या पदव्या एका दमात मोजतो. एम. ए., पीएच. डी., एम. एस्सी., डी. एस्सी., बॅरिस्टर! टाळ्या पडतात. परंतु या सगळ्या पदव्या ज्या भाषेत मिळाल्या ती परकी भाषा एका अस्पृश्य ठरवलेल्या घरातील मुलगा कोणाकडून शिकला, किती वर्षे शिकला आणि त्या शिकण्यात त्याला कोणाकोणाचा हात लागला, हे मात्र कोणी सांगत नाही. जणू काही बाबासाहेब पाळण्यातच इंग्रजी बोलू लागले होते! आम्ही आज ती राहून गेलेली गोष्ट सांगणार आहोत. कारण तिची गरज आता आपल्या दारात उभी आहे.

तारापूरची औद्योगिक वसाहत आणि १९६९ साली सुरू झालेले अणुवीज केंद्र यांच्या आधाराने मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आलेली आपली माणसे येथे स्थिरावली. रसायनांच्या, कापडाच्या, पोलादाच्या कारखान्यांत बापाने पाळ्या केल्या आणि पोरांनी पदव्या घेतल्या. आता त्या पोरांना परदेशातील विद्यापीठे खुणावत आहेत. राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीत अनुसूचित जातीच्या ७५ विद्यार्थ्यांना जागा आहे. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी आहेत. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी केंद्राच्या वेगळ्या २० जागा आहेत, आणि वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी यांचा हा जिल्हा असल्यामुळे त्याही आपल्याच विषयात येतात.

मग अडते कोठे? राज्याच्या योजनेला विद्यापीठाचे विनाअट प्रवेशपत्र लागते. विद्यापीठ मात्र प्रवेश देताना अट घालते, आधी इंग्रजीच्या परीक्षेत अमुक गुण आणा. त्या परीक्षेची फीच आज सतरा-अठरा हजार रुपये आहे, शिकवणी वेगळी, आणि निकाल दोन वर्षांत शिळा होतो. म्हणजे शिष्यवृत्ती मिळण्याच्या आधीचा खर्च ज्याच्याजवळ आहे, त्यालाच शिष्यवृत्ती! ऐश्वर्यवंतांना याचे काही वाटत नाही. कंत्राटी कामगाराच्या मुलाची गाडी मात्र तेथेच थांबते आणि तो स्वतःला ढ समजून घरी बसतो. अशा प्रत्येक मुलाला सुभेदार रामजींच्या मुलाची हकीकत ठाऊक असली पाहिजे.

भीमराव १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मले. वडील रामजी मालोजी सकपाळ लष्कराच्या शाळेत मुख्याध्यापक होते. इंग्रजांच्या फौजेत शिपायांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे होते, म्हणून त्या घरात अक्षर आधीच आलेले होते. हा पहिला आधार. तो दैवाने आला नाही, पलटणीच्या नियमाने आला. पुढे पलटणीत महारांची भरती इंग्रजांनी बंद केली आणि ही वाटही मिटली, हे विसरू नये. आई भीमाबाई मुलगा लहान असतानाच गेली. निवृत्तीनंतर रामजी दापोलीला आणि तेथून साताऱ्याला आले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात भीमरावांचे नाव इंग्रजी पहिलीत घातले गेले. हाच दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या शाळेत हा मुलगा घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसत होता. पाणी वरून ओतले तर प्यायचे, नाही तर तहानलेले राहायचे.

शाळेत ही गत. खरी इंग्रजी शिकवली ती घरी, बापाने. रामजींनी हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला मुलाकडून घोटून घेतली. भाषांतर म्हणजे नुसते शब्दाला शब्द लावणे नव्हे. मराठी वाक्य उचलायचे, त्याचा अर्थ पारखायचा आणि त्या अर्थाला इंग्रजीत कोणता शब्द नेमका बसतो ते शोधायचे. पुढे ज्या लेखणीने घटनेच्या मसुद्यातील एकेक शब्द तोलून पाहिला, तिची तालीम ही होती. त्याच घरात तुकोबांचे अभंग आणि मोरोपंतांच्या आर्याही पाठ होत होत्या. इंग्रजी यावी म्हणून मराठी टाकावी लागते हा समज आज बोईसरच्या गल्लीगल्लीत इंग्रजी माध्यमाच्या पाट्या लावून विकला जातो. रामजी सुभेदारांनी तो शंभर वर्षांपूर्वीच खोटा ठरवला होता.

पुढे बिऱ्हाड मुंबईला आले. परळच्या डबक चाळीत एक खोली. त्याच खोलीत चूल, जळण, जाते, शेळी आणि सगळे कुटुंब. रामजी मुलाला संध्याकाळीच झोपवीत आणि स्वतः जागे राहून रात्री दोनला उठवीत. मग तो चिमणीच्या उजेडात अभ्यासाला बसे आणि त्याच्या जागेवर बाप आडवा होई. मुलाने पुस्तक मागितले आणि खिशात पैसे नसले, तर रामजी लग्न झालेल्या लेकींकडे, तुळसा किंवा मंजुळा यांच्याकडे, जात. त्यांचा दागिना मारवाड्याकडे ठेवून पुस्तक आणीत आणि पेन्शन हाती आली की दागिना सोडवून परत देत. बाबासाहेबांच्या ग्रंथप्रेमाबद्दल पोत्याने लिहिले गेले आहे. तुळसा आणि मंजुळा या दोन बहिणींच्या दागिन्यांबद्दल कोणी दोन ओळी लिहीत नाही, हे आम्हाला खटकते.

एल्फिन्स्टन हायस्कुलात संस्कृत घ्यायची इच्छा होती. शिक्षकांनी नकार दिला, म्हणून फारसी घेतली. फळ्यावर गणित सोडवायला हा मुलगा उठला की इतर मुले फळ्यामागचे आपले जेवणाचे डबे उचलायला धावत, अशी ती शाळा. १९०७ ची मॅट्रिक भीमराव ७५० पैकी २८२ गुणांनी पास झाले. टक्केवारी काढली तर ३८ सुद्धा भरत नाही. आज गुणपत्रिका हातात धरून गुणवत्तेच्या गप्पा मारणाऱ्यांनी हा आकडा जरूर लिहून ठेवावा! ज्या मुलाला पुढे जगातल्या दोन नामांकित विद्यापीठांनी सर्वोच्च पदव्या दिल्या, तो सोळा-सतराव्या वर्षी या आकड्यावर उभा होता. त्याला तेथेच सोडून दिले असते तर?

पण सोडून दिले गेले नाही. चर्नी रोडच्या बागेत रोज एकटा वाचत बसणारा हा मुलगा कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी हेरला होता. ते विल्सन हायस्कुलातील शिक्षक. त्यांनी ओळख करून घेतली, पुस्तके देऊ केली. मॅट्रिकच्या यशाबद्दल सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्कार झाला, तेव्हा केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हाती ठेवले. कॉलेजचा खर्च रामजींना झेपेना, तेव्हा केळुसकरच सयाजीराव गायकवाडांपर्यंत गेले आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. एल्फिन्स्टन कॉलेजात प्रा. मुल्लर यांनी पुस्तके दिली, अंगावर घालायला कपडेही दिले. म्हणजे बी. ए. होईपर्यंत बाप, दोन बहिणी, एक मराठी शिक्षक, एक परदेशी प्राध्यापक आणि एक राजा अशी माणसे या एका विद्यार्थ्याच्या मागे उभी होती. यातला एकही दुवा निखळला असता तर चालले नसते. बाबासाहेबांच्या असामान्य बुद्धीबद्दल आम्हाला तिळमात्र शंका नाही. पण आपण केवळ बुद्धीचे गोडवे गातो आणि आधाराची गोष्ट गाळतो, त्यामुळे आजच्या साध्या मुलाला वाटते की परदेश हा फक्त असामान्यांचा प्रांत आहे.

२ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी गेले. त्याच वर्षी ४ जूनला बडोदा सरकारशी करार झाला. परदेशात तीन वर्षे शिक्षण, दरमहा साडेअकरा पौंड आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी. जुलै १९१३ मध्ये भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. सुरुवातीला वसतिगृहाचे जेवण मानवेना, खोली बदलावी लागली. शेवटी लिव्हिंगस्टन हॉलमध्ये नवल भाथेना या पारशी मित्राच्या सोबतीने बस्तान बसले. ही मैत्री पुढे जन्मभर कामी आली. पहिले काही महिने मित्रांत, खेळण्या-फिरण्यात गेले. मग एके दिवशी आपण येथे कशासाठी आलो आहोत याचे भान आले आणि त्यानंतर ग्रंथालयाचा दरवाजा उघडण्याआधीच हा विद्यार्थी पायरीवर हजर राहू लागला. नव्या देशात पोहोचल्याबरोबर जो भांबावतो, त्याने हे वाचून थोडा धीर धरावा.

कोलंबियात त्यांनी अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम घेतले, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, शिवाय तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, राज्यशास्त्र. आणि हेही लक्षात घ्या, प्राथमिक फ्रेंच आणि प्राथमिक जर्मन हे दोन वर्गही त्यांनी केले. इंग्रजीवर हुकमत आल्यावरही नव्या भाषेच्या पहिल्या इयत्तेत बसायला त्यांना लाज वाटली नाही. १९१५ साली एम. ए. झाले. ९ मे १९१६ रोजी प्रा. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला, तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. आपल्यावर लादलेल्या व्यवस्थेचे शवविच्छेदन परक्या भाषेत, परक्या विद्वानांपुढे! त्यात उच्चाराची ऐट नव्हती, मुद्द्यावर मुद्दा रचत नेलेली मांडणी होती. विद्यापीठीय इंग्रजी म्हणतात ती हीच. आमची पोरे मात्र इंग्रजी म्हणजे फडाफड बोलणे असे समजून क्लासवाल्यांना पैसे भरतात. परीक्षेत ऐकणे, वाचणे, लिहिणे, बोलणे असे चार भाग असतात, आणि चाळीस मिनिटांत अडीचशे शब्दांचा निबंध लिहिताना मुद्दे कसे रचायचे, हे त्यांना कोणी शिकवलेलेच नसते. आमच्या पाहण्यातली बरीच मुले बोलण्यात तरतात आणि लिहिण्यात अडकतात.

ऑक्टोबर १९१६ मध्ये प्रा. सेलिगमन यांची शिफारस घेऊन भीमराव लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आले, ग्रेज इनमध्येही नाव घातले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ साली अभ्यास अर्ध्यावर टाकून परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येण्याची सवलत मात्र विद्यापीठाकडून मिळवून ठेवली. सामान वेगळ्या बोटीने पाठवले होते, ती बोट युद्धात बुडवली गेली आणि न्यूयॉर्कच्या जुन्या बाजारात उपाशीपोटी जमवलेली पुस्तके समुद्रात गेली. बडोद्याला तर राहायला घर मिळाले नाही. ते सर्वांना ठाऊक आहे, आम्ही पुन्हा उगाळत नाही.

नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली. हा काय शिकवणार, अशा नजरेने बघणारे विद्यार्थी थोड्याच दिवसांत कान देऊन बसू लागले, दुसऱ्या कॉलेजांतील मुलेही तासाला येऊ लागली. या पगारातून काटकसर करून पैसे साठवले. शाहू महाराजांनी मदत केली, नवल भाथेनांनी पाच हजार रुपये उसने दिले आणि १९२० च्या जुलैत पुन्हा लंडनची बोट धरली. जाण्यापूर्वी, ३१ जानेवारी १९२० रोजी, ‘मूकनायक’ सुरू केले होते. विलायतेला निघालेला माणूस आपल्या माणसांसाठी मराठी पाक्षिक काढून जातो, याचा अर्थ आपल्या इंग्रजाळलेल्या मंडळींनी शोधावा.

लंडनमधील ते दिवस उपासाचे होते. सकाळी घरमालकिणीने दिलेला पावाचा तुकडा आणि कपभर पेय. तेवढ्यावर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जायचे ते दरवाजे बंद होईपर्यंत बसायचे. रात्री भूक अनावर झाली की ओळखीच्या माणसाने दिलेले पापड भाजून खायचे आणि पुन्हा वाचत बसायचे. इकडे मुंबईत रमाई हालअपेष्टांत संसार ओढत होत्या. १९२१ साली एम. एस्सी. झाली, १९२२ साली बॅरिस्टर झाले. ऑक्टोबर १९२२ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध डी. एस्सी. साठी सादर केला आणि तो परत आला!

होय, परत आला. सभांत ही गोष्ट ओझरती सांगितली जाते, आम्हाला ती फार मोलाची वाटते. ब्रिटिशांच्या चलननीतीवर केलेली टीका परीक्षकांना झोंबली होती, लिहिण्याची धार सौम्य करून पुन्हा सादर करा असे सांगण्यात आले. तोपर्यंत पैसे संपले होते. १९२३ च्या एप्रिलमध्ये मुंबईला परतावे लागले. येथे बसून बाबासाहेबांनी भाषा पुन्हा घडवली, निष्कर्ष मात्र हलवला नाही. प्रबंध पुन्हा धाडला, तो स्वीकारला गेला आणि वर्षअखेरीस लंडनमध्ये ग्रंथरूपाने निघाला. प्रस्तावना प्रा. कॅनन यांची. त्यांनी आपले मतभेद लपवले नाहीत, तरी प्रस्तावना दिली. बाबासाहेबांसारख्याचे लिखाण परत येते, दुरुस्त होते. आणि आज परदेशी गेलेली आमची मुले, विद्यापीठाने फुकट ठेवलेल्या लेखन-मदत केंद्राची पायरी चढायला लाजतात. आपण आरक्षणवाले म्हणून ओळखले जाऊ, आपली इंग्रजी कच्ची आहे हे उघडे पडेल, ही भीती त्यांना गप्प बसवते. अरे बाबांनो, ती केंद्रे विलायतेतली गोरी मुलेही वापरतात! तेथे मदत मागणे हा अभ्यासाचाच भाग समजतात. लाजेची ही शिकवण आपल्याला या देशातील जातीने दिली आहे, ती विमानात बसवून सोबत नेण्याचे कारण नाही.

पुढचे चरित्र आपल्या घराघरात आहे. महाड, काळाराम, गोलमेज परिषद, पुणे करार, घटना. आम्ही एकाच धाग्याकडे लक्ष वेधतो. सायमन कमिशन असो की १९३० ची गोलमेज, सत्तेपुढे बोलताना त्यांनी इंग्रजी वापरली. ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’ यांतून आपल्या माणसांशी बोलताना मराठी वापरली. दोन्ही हत्यारे परजलेली होती. वारली मुलाच्या घरात वारली, शाळेत मराठी, बाजारात हिंदी असते, इंग्रजी त्याची चौथी भाषा ठरते. याला आपण अडचण म्हणतो. ज्याने तीन भाषा कानाने उचलल्या त्याला चौथी शिकवण्यात कमीपणा शिकवणाऱ्याचा आहे.

१९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाल्यावर बाबासाहेबांनी ऑक्टोबर महिन्यात अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन सरकारला दिले. त्यातून उच्च शिक्षणासाठी वर्षाला तीन लाख रुपयांची तरतूद झाली आणि आपल्यातील तरुण सरकारी खर्चाने विलायतेला जाऊ लागले. केळुसकरांनी त्यांच्यासाठी जे केले ते त्यांनी शेकडोंसाठी केले. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि २० जून १९४६ रोजी सिद्धार्थ कॉलेज सुरू केले. त्याचे वर्ग सकाळी भरत, कारण दिवसा नोकरी करणाऱ्या गरिबांनाही शिकता यावे. विद्यार्थ्याची वेळ पाहून कॉलेजची वेळ ठरली!

बोईसरमध्ये हे का होऊ नये? येथे कारखान्यांच्या तीन पाळ्या चालतात, मुलेही पाळ्या करून शिकतात. ठाण्यातून वेगळा होऊन १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला, जिल्हा मुख्यालय जवळ आले. समाजकल्याणची आणि आदिवासी विकासची कार्यालये याच जिल्ह्यात आहेत. पण जव्हार-मोखाड्याच्या मुलाने इंग्रजीच्या शिकवणीसाठी बोरिवली-दादर गाठायचे ही तऱ्हा आम्हाला मान्य नाही. बार्टीने आणि आदिवासी विकास खात्याने बोईसर, पालघर आणि जव्हार येथे निवासी लेखन-वर्ग चालवावेत, परीक्षेची फी निवड होण्याआधीच भरावी, आणि ती एकदा नव्हे, दोनदा भरावी, कारण पहिल्या खेपेला सगळेच तरत नाहीत. शासन हे करील तेव्हा करील. आपल्या जयंती मंडळांनी एका रात्रीच्या डीजेचे भाडे वाचवले तर एका मुलाची परीक्षा-फी निघते, हा हिशेब अवघड नाही. जे आपले लोक शिष्यवृत्तीवर परदेशी जाऊन आले आणि आज मुंबई-पुण्यात किंवा तिकडेच चांगल्या जागी आहेत, त्यांनी प्रत्येकी एका मुलाचा अर्ज आणि निबंध वाचून, लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवावा. १९५६ साली आग्र्याच्या सभेत शिकलेल्या मंडळींबद्दल बाबासाहेबांनी जी वेदना बोलून दाखवली, ती कोणाला उद्देशून होती हे त्यांना सांगायला नको.

त्या वर्षी प्रकृती पूर्ण ढासळली होती. पाय साथ देत नव्हते, नजर मंदावली होती. १४ ऑक्टोबरला नागपुरात धम्मदीक्षा झाली. त्यानंतर दिल्लीला परतल्यावर ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या इंग्रजी ग्रंथाचे काम मार्गी लावायचे होते. ५ डिसेंबरच्या रात्री त्यांनी नानकचंद रत्तू यांना या ग्रंथाची प्रस्तावना आणि परिचय यांचे टंकलिखित कागद मागितले, नजरेखालून घालून दुरुस्त करण्यासाठी. रत्तूंनी ते आणून ठेवले आणि ते आपल्या घरी गेले. सकाळी बाबासाहेब उठले नाहीत. ग्रंथ पुढच्या वर्षी, १९५७ साली, प्रसिद्ध झाला.